सरासरीच्या पलीकडे

श्रोतेहो, आपल्या जालना जिल्ह्यात तालुके आठ. सबंध जिल्ह्याच्या पावसाची सरासरी ऐकून मंठ्याच्या शेतकऱ्याला आपल्या रानाचे काय कळणार? ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा. २०१२ साली तिला ‘शायनी’ची जोड मिळाली. तालुकावार आकडे भरावेत, तालुके निवडण्याची यादी ठेवावी आणि ‘रनॲप’ ही आज्ञा द्यावी. ब्राउझरमध्ये पान उघडते. तालुका बदला, आलेख बदलतो. मात्र हे पान आपल्या संगणकापुरतेच. ‘आर’ बंद केले की तेही मिटले! गावोगाव पोचवायचे तर सर्व्हरवर ठेवावे लागते. आणि मूळ नोंदच चुकली, तर देखणा आलेखही चुकीचेच सांगणार. तेव्हा मंडळी, आधी पर्जन्यमापक नीट वाचू या.