अक्षय वीज आणि क्षयी वीज



२०१० सालच्या उन्हाळ्यांत चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत्केंद्रांतील बहुतेक संच बंद ठेवावे लागले. कोळशाच्या खाणी तर केंद्राच्या शेजारींच. मग अडलें कशानें? अडलें पाण्यानें. इरई धरणांतील सांठा आटला होता. कोळशाच्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते व वाफेच्या जोरानें चक्रें फिरतात, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु ती वाफ निववून तिचें पुन्हां पाणी करण्यासाठीं जें दुसरें पाणी लागतें, त्याचा मोठा वांटा उंच मनोऱ्यांतून आकाशांत निघून जातो, हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

शास्त्रज्ञ विजेच्या साधनांचे दोन वर्ग करितात. कोळसा, तेल, युरेनियम हीं क्षय पावणारीं. पाणी, वारा, ऊन हीं अक्षय. विदर्भांतील कोळसा हा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचा ठेवा होय. तो आपण जाळूं शकतों, निर्माण करूं शकत नाहीं. येथवर ही विभागणी बिनचूक आहे. पण 'अक्षय' या शब्दानें मन फार लौकर निश्चिंत होतें, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच.

कोयनेचेंच पहा. येथील विजेचा पहिला टप्पा १९६२ सालीं सुरू झाला. आज सर्व टप्प्यांची मिळून शक्ति १,९६० मेगावॅट आहे. शिवसागराचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून कोंकणाच्या बाजूस उतरतें आणि खालीं चक्रांवर कोसळतें. धरणांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. मात्र पश्चिमेकडे वळवावयाचें पाणी कृष्णा लवादानें वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट इतकेंच ठरवून दिलेलें आहे. कारण उघड आहे. घाटाखालीं उतरलेलें पाणी वाशिष्ठीवाटे समुद्रास मिळतें. तें कृष्णाकांठच्या उंसाला किंवा ज्वारीला मिळत नाहीं. पाऊस दरवर्षीं येतो हें खरें, पण आलेल्या पावसाचे धनी दोन. अवर्षणाच्या वर्षीं मेगावॅट आणि शेतकरी यांची गांठ पडते ती येथेंच.

शिवाय पाणी अक्षय असलें तरी खोरें अक्षय नसतें. मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला तो याच दुःखानें. धरण झालें, १९२७ सालीं भिऱ्याची वीज सुरू झाली, मुंबईच्या गिरण्यांना ती लाभली; भाताचीं खाचरें मात्र पाण्याखालीं गेलीं तीं गेलींच. मुंबईचे दिवे लावतांना हा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

म्हणून मी कोळशाची वकिली करतों असें मात्र कोणी समजूं नये. त्याची राख आणि धूर चंद्रपूरकरांना विचारावेत! ऊन आणि वारा यांचा विस्तार झालाच पाहिजे. धुळें जिल्ह्यांतील साक्रीचें सौरकेंद्र किंवा साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या पाहिल्या म्हणजे उमेद वाटते. अडचण निराळीच आहे. दिवेलागणीच्या वेळीं, म्हणजे घरोघर विजेची ओढ लागते नेमक्या तेव्हां, सूर्य मावळलेला असतो. कोळशाची भट्टी थंड असतां तापवावयास कित्येक तास लागतात. धरणाचें दार उघडलें कीं चक्र कांहीं मिनिटांतच पूर्ण वेगानें फिरूं लागतें. तेव्हां दिवसा उन्हावर भागवावें आणि कोयनेचें मोजकें पाणी सायंकाळसाठीं राखावें, हें मला शहाणपणाचें वाटतें.

अकोले तालुक्यांत घाटघर येथें २००८ सालीं याच्याहि पुढचें पाऊल पडलें. दोन धरणें, एक घाटमाथ्यावर, एक खालीं. मधें २५० मेगावॅटचें केंद्र. गरजेच्या वेळीं पाणी खालीं सोडून वीज करावयाची, वीज शिल्लक असेल तेव्हां तेंच पाणी पुन्हां वर चढवावयाचें. चढवितांना जितकी वीज खर्च होते तितकी उतरतांना परत मिळत नाहीं. सांठवणीचें हें भाडें प्रत्येक खेपेस द्यावें लागतें.