रुळांलगतचे काम आणि त्याची परवानगी



कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला. कुळ्याहून वास्कोकडे जाणारा लोहमार्ग तर पोर्तुगीज अमदानीपासूनचा. या दोन्ही मार्गांलगत आज शेते आहेत, माडांच्या बागायती आहेत, घरे आहेत. कोठे नळाची वाहिनी रुळांखालून न्यावयाची असते, कोठे पावसाळ्यापूर्वी गटार उपसावयाचे असते, तर कोठे रुळांकडे झुकलेला माड तोडावयाचा असतो.

अशा कामाची परवानगी कोणाकडे मागावी, येथेच बहुधा पहिली चूक होते. ग्रामपंचायतीचा ठराव आवश्यक खरा. पण तेवढ्या बळावर रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकता येत नाही. विनापरवाना प्रवेश हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ अन्वये गुन्हा होय. कुळे-वास्को आणि लोंढा-बेळगाव हे मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे आहेत. पेडण्याहून काणकोणकडे जाणारा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाकडे. अर्जासोबत जागेचा नकाशा, कामाचा आराखडा आणि जवळच्या किलोमीटर-दगडावरील आकडा द्यावा. त्यानंतर संयुक्त पाहणी, शुल्क आणि करार या पायऱ्या येतात. यास वेळ लागतो. मे महिन्यात अर्ज करून जूनपूर्वी काम उरकण्याची अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय.

मात्र मंजुरीचा हा कागद हाती आला म्हणजे काम सुरू करावयास हरकत नाही, असा जो समज आढळतो, तो अत्यंत घातक आहे. त्या कागदाने काम मान्य होते. गाडी थांबत नाही. गाडी थांबते ती त्या दिवशी, ठराविक वेळेपुरता 'ब्लॉक' मिळाल्यावर. तो ब्लॉक रेल्वेचा जबाबदार कर्मचारी नियंत्रण कक्षाच्या संमतीने स्टेशनमास्तरांमार्फत घेतो. तो कर्मचारी जागेवर हजर असावा लागतो, आणि त्याने सांगितल्याखेरीज कोणीही फावडे उचलू नये. वेळ संपण्यापूर्वी माणसे, अवजारे आणि माती रुळांपासून दूर झालीच पाहिजेत. काम अर्धे राहिले तरी बेहत्तर.

"गाड्यांच्या वेळा आम्हांस पाठ आहेत," असे ग्रामस्थ सांगतात. त्या प्रवासी गाड्यांच्या वेळा असतात. मालगाड्या, ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्या आणि एकटी धावणारी इंजिने स्थानकावरील फलकावर दिसत नाहीत. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच निराळे असते. वेगात असलेली गाडी ब्रेक लावताच जागच्या जागी थांबत नाही. तिला शेकडो मीटर अंतर लागते. वळणावर, डोंगराच्या कटाईत किंवा धुवाधार पावसात ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

माड तोडणाऱ्यांनी व पाडेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले असून रुळांवरील तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. या तारेला स्पर्श झाला तरच धक्का बसतो असे नव्हे. नुसते जवळ गेल्यानेही प्रवाह झेप घेऊ शकतो. म्हणून तारेपासून दोन मीटरांच्या आत माणूस, ओला बांबू, झावळी किंवा लोखंडी शिडी येणार असेल, तर प्रवाह बंद करून तार जमिनीशी जोडल्याचा लेखी परवाना रेल्वेच्या विद्युत कर्मचाऱ्याकडून मिळाल्याविना काम करता येत नाही. केवळ "लाईन बंद आहे" हा तोंडी निरोप पुरेसा नाही. गाड्यांचा ब्लॉक आणि विजेचा ब्लॉक या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे मजूर आणणाऱ्या मुकादमाने विशेषेकरून लक्षात ठेवावे.

एखादे झाड वादळात रुळांवर पडले, तर ते तोडण्यास गावकऱ्यांनी स्वतः धावू नये. तत्काळ जवळच्या फाटकावर किंवा स्थानकावर कळवावे, अथवा १३९ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि किलोमीटरचा आकडा सांगावा.