लचक नव्हे, आजार



मागच्या भिंतीलगत जागा मोकळी ठेवली आहे. बसून ज्यांची पाठ धरते त्यांनी खुशाल उठावे, फिरावे. भाषण चालू आहे म्हणून संकोच करू नये.

ही शिवाजी पेठ तालमींची आणि फुटबॉलची. पोराची पाठ दुखली की वस्ताद विचारतात, "कुठं लचक भरली रं?" बहुधा तसेच असते. पण अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याच्या आजाराची चाल उलटी. पहाटे पाठ लाकडासारखी ताठते, मोजे घालायला वाकवत नाही. उठून हिंडू-फिरू लागले की मोकळी होते. विश्रांतीने वाढणारे आणि व्यायामाने उतरणारे हे दुखणे आहे. विशी-तिशीतल्या पोराला तीन महिन्यांवर असे होत असेल, मधूनच डोळा लाल होऊन ठणकत असेल, तर लचकेच्या लेपावर दिवस घालवू नयेत.

कण्याच्या तळाशी, कमरेच्या हाडाशी जुळणाऱ्या सांध्यांत दाह सुरू होतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये मात्र दाह दिसू शकतो. एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेले नाते १९७३ साली उघड झाले. पण जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, तेव्हा नुसत्या रिपोर्टने घाबरू नये. उपचार न झाल्यास काहींचे मणके एकमेकांत जुळतात. असा कणा ठिसूळ असतो. अशा रुग्णाच्या मानेला 'झटका' देऊन हाड बसवू पाहणाऱ्याला कृपा करून हात लावू देऊ नका, मान मोडू शकते.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन गावाची सांधेदुखी तपासली. त्यात या आजाराचे रुग्ण अगदी मोजके निघाले. दुर्मीळ म्हणूनच तो ओळखायला वर्षे जातात, आणि ती वर्षे नेमकी नोकरी-लग्नाची असतात. दाह आवरणारी औषधे आज आहेत, जैविक इंजेक्शने आहेत. महाग आहेत, हेही खरे. रोजचा व्यायाम मात्र फुकट, आणि तो या पेठेइतका कुणाला ठाऊक?

म्हणून वस्तादांना आणि फुटबॉल प्रशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. पाठ धरून बसलेल्या पोराला एवढेच विचारा, "सकाळी जास्त दुखतंय, का खेळल्यावर?" "सकाळी" म्हणाला, तर त्याला सीपीआर रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे न्या आणि संधिवाततज्ज्ञासाठी चिठ्ठी मागून घ्या.