घास नीट उतरावा म्हणून

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लेक-सून कारखान्यावर गेले, की घरी उरतात म्हातारा-म्हातारी. त्यातल्या एकाला पार्किन्सन असला, की त्याचं खाणंपिणं, औषधपाणी सगळं दुसऱ्याच्या अंगावर पडतं. माझ्या यजमानांनाही हाच आजार आहे. म्हणून आज मी बोलणार आहे ते अशा जोडीदारांशी, आणि तेही एकाच गोष्टीवर : जेवताना लागणारा ठसका.

पार्किन्सन म्हटलं की आपल्याला थरथरणारा हात आठवतो. पण या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं आणि शरीराच्या सगळ्याच हालचाली मंदावतात. गिळणं हीसुद्धा हालचालच. जीभ घास मागे ढकलायला वेळ लावते, श्वासनलिका वेळेवर झाकली जात नाही आणि घास किंवा पाणी तिकडे वळतं. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यातही गिळण्याच्या त्रासाची आणि ओघळणाऱ्या लाळेची नोंद आहे. तेव्हा जेवायला तासभर लागतो म्हणून माणसावर चिडू नका. तो मुद्दाम करत नाही.

ठसका लागला की आपण काय करतो? "वर बघा, वर बघा" म्हणत टाळूवर थापटतो आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो. करतो मायेनंच. पण मान वर गेली की श्वासनलिकेची वाट जास्त उघडी पडते, आणि पाण्यासारखं पातळ सगळ्यात आधी तिकडे जातं. म्हणून माणूस जोरात खोकत असेल तर त्याला पुढे वाकवा आणि खोकू द्या. आत शिरलेलं बाहेर काढणारा तो खोकलाच आहे. मात्र आवाज फुटेना, खोकताही येईना, श्वास अडकला, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात पाच थापा मारा, शेजाऱ्यांना हाक द्या, १०८ला फोन लावायला सांगा.

पण खरी काळजी ठसक्याच्या आधी घ्यायची. बाजेवर लोळत जेवण नको. पाठीला टेकू देऊन ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे. घास लहान. पहिला उतरला, तोंड रिकामं झालं, की मगच दुसरा. जेवताना टीव्ही बंद, गप्पाही नंतर. पार्किन्सनच्या गोळीचा असर चढलेला असतो तेव्हा गिळणं सोपं जातं, म्हणून गोळीची आणि जेवणाची वेळ डॉक्टरांकडून जुळवून घ्या. गोळी गिळवत नाही म्हणून परस्पर कुटून देऊ नका, काही गोळ्या कुटायच्या नसतात. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका आणि रोज तोंड, दात, कवळी स्वच्छ करा.

खाण्यात कोरडी भाकरी, चुरमुरे, शेंगदाणे टाळा. भाकरी घट्ट वरणात चांगली कुस्करून मऊ करा, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवा. पातळ रस्सा आणि त्यात फोडी, असं एकत्र घशाला सांभाळता येत नाही.

आणखी एक. काहींना घास श्वासनलिकेत गेला तरी खोकला येतच नाही. जेवल्यावर आवाज घरघरतो, वरचेवर ताप येतो, वजन उतरतं. अन्नपाणी फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया या आजारात जिवावर बेततो. अशी लक्षणं दिसली तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. बोलण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, गिळण्याचीही तपासणी करतात आणि व्यायाम शिकवतात. त्यांच्याकडे पाठवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ तर रुग्णांनी आणि घरच्यांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणूनच चाललेलं आहे.

दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टर हात बघतात, चाल बघतात. जेवण मात्र त्यांच्यासमोर होत नाही, ते तुमच्यासमोर होतं. कशानं ठसका लागतो, दिवसातून कधी लागतो, हे ध्यानात ठेवा आणि त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. हे तुमच्याशिवाय दुसरं कुणीच सांगू शकणार नाही.