घडीचा चाकू घेताना

 

आज आम्ही तुमच्याशी एका लहानशा वस्तूबद्दल बोलणार आहोत. कर्जाबद्दल नाही, योजनेबद्दल नाही. घडीच्या चाकूबद्दल. मिटून बटव्यात राहतो आणि उघडला की कामाला येतो, तो साधा चाकू. हा कशाला आमच्या गटाच्या बैठकीत आला, असं तुम्हाला वाटेल. तो हप्त्यातून आला.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका ताईचा हप्ता आला नाही. कधी एक दिवस उशीर न करणारी बाई. चौकशी केली तर हाताला पट्टी. द्राक्षबागेत नवीन काड्या तारेला बांधायचं काम चाललं होतं. सुतळी तोडायला तिने नवऱ्याच्या खिशातला, जत्रेत घेतलेला चाकू मागून नेला होता. मधेच कोणीतरी म्हणालं, जरा ठिबकच्या नळीला भोक पाडून दे. तिने चाकूचं टोक नळीवर दाबलं आणि पातं उलटं मिटलं, ते थेट तर्जनीवर. टाके पडले, तीन आठवडे मजुरी बुडाली. बोट आजही पुरतं वळत नाही.

त्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी केल्या. तिचा हप्ता पुढे ढकलला, आणि एकमेकींना विचारलं की आपण सुतळी कशाने तोडतो? उत्तरं ऐका. कोणी दाताने, कोणी विळ्याने, कोणी ब्लेडच्या तुकड्याने, आणि बऱ्याच जणी गड्यांकडे चाकू मागून. अकरा जणींत स्वतःचा चाकू एकीकडेही नव्हता. आपण बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतो, विळीवर रोज भाजी चिरतो, खुरपं तर हातातून सुटत नाही. पण खताची गोणी उघडायला, सुतळी तोडायला, केळीचं पान कापायला दिवसातून दहा वेळा दुसऱ्याच्या खिशाकडे बघतो.

म्हणून आमच्यापैकी तिघी आठवडे बाजारात आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. पाच प्रकारचे चाकू आणले, सतरंजीवर मांडले, आणि प्रत्येकीने हातात घेऊन पाहिले. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यात आधी पाहायचं ते अडण. अडण म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून केलेली सोय. जत्रेतल्या स्वस्त चाकूत बहुतेक ती नसते. आत नुसती एक दाबपट्टी असते. ती पात्याला उघडं धरते, पण पाठीवर जोर आला की सोडून देते. आमच्या ताईचं बोट तिथेच गेलं. असा चाकू सफरचंद कापायला ठीक, शेतात नको.

अडण तीन प्रकारची पाहायला मिळते. एकात मुठीच्या आत पातळ पत्र्याची पट्टी असते. पातं पुरतं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाशी अडते, आणि मिटताना ती अंगठ्याने बाजूला ढकलावी लागते. दुसऱ्यात मुठीच्या पाठीवर कळ असते, ती दाबली की पातं सुटतं. तिसऱ्यात मुठीच्या तोंडाशी एक कडं असतं, ते फिरवलं की पातं पक्कं होतं. आमच्यात एक डावखुरी आहे. तिला पत्र्याच्या पट्टीचा चाकू जमेना, कारण ती पट्टी उजव्या अंगठ्यासाठी केलेली असते. पाठीवरची कळ मात्र दोन्ही हातांना सारखी. म्हणून सांगतो, दुसरीचा चाकू पाहून घेऊ नका, स्वतःचा हात घेऊन जा.

अडण तपासायची कशी? चाकू पूर्ण उघडा. मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही. मग पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दोन-तीनदा टेकवा. पातं जरा जरी मिटायला लागलं, तर तो चाकू तिथेच दुकानदाराला परत द्या. मग पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. नवीन चाकू खिळ्यापाशी डुगडुगत असेल तर सहा महिन्यांनी काय होईल?

दुसरी गोष्ट, उघडण्याची. बऱ्याच चाकूंना पात्यावर नखाची खाच असते, तिच्यात नख घालून पातं ओढायचं. पण बायांनो, खुरपणी करणाऱ्या बाईला नखं राहतात कुठे? त्यातून हात ओले असले की झालंच. आमच्या सहा जणींना तो चाकू उघडताच आला नाही. पात्यावर अंगठ्याने ढकलायला लहानसा खुंटा असेल तर सोपं जातं. आणि खटका दाबला की पातं उडून बाहेर येणारा चाकू मुळीच घेऊ नका. पिशवीत खटका दाबला गेला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय तो पाहून पोलिसांनाही वेगळीच शंका येते.

तिसरी गोष्ट, माप. पातं आपली चार बोटं आडवी ठेवली तेवढं पुरे, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. मूठ तळहाताच्या रुंदीपेक्षा आखूड नको, नाहीतर जोर लावताना करंगळी बाहेर राहते. मूठ गुळगुळीत स्टीलची असेल तर घामाने सरकते. लाकडाची किंवा खरबरीत प्लास्टिकची बरी. रंग भडक असावा. मातीच्या रंगाचा चाकू बांधावर पडला की गेला. भडक नसेल तर मुठीच्या भोकात लाल दोरा ओवा.

चौथी गोष्ट, धार. दुकानदार दातेरी पात्याचं फार कौतुक करतात. दोर कापायला ते चांगलं, यात खोटं नाही. पण बोथट झालं की घरी धार लावता येत नाही. साधं सरळ पातं घ्या. पोलादात दोन जाती. साधं पोलाद लवकर धरतं धार, पण लवकर गंजतं. लिंबू, कैरीचा चीक, युरिया, घाम, सगळंच त्याला लागतं. स्टेनलेसला गंज उशिरा चढतो, धार लावायला मात्र जरा जास्त वेळ बसावं लागतं. खताच्या कामात असाल तर स्टेनलेस घ्या. रोज पुसायची आणि तेल लावायची शिस्त असेल तर साधं पोलादही वर्षानुवर्षं चालतं. तेल म्हणजे गोडंतेल नाही. ते सुकून चिकट होतं आणि खिळ्यापाशी माती धरतं. शिवणयंत्राचं तेल एक थेंब पुरे.

चकचकीत नक्षी, खोटा पितळी रंग, मुठीवर वाघाचं चित्र, याला भुलू नका. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरी मारून घेत नाही. आम्ही निवडलेला चाकू दिसायला सगळ्यांत साधा होता, आणि द्राक्षबागेतल्या एका दिवसाच्या मजुरीच्या आत बसला. अकरा एकदम घेतले म्हणून दुकानदाराने थोडे कमीही केले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना गटातून अंतर्गत कर्ज दिलं. दोन हप्त्यांत फिटलं.

चाकू आला, आता ठेवायचा कुठे? गड्यांच्या सदऱ्याला खिसा असतो, आपल्या लुगड्याला नाही. कनवटीला खोचला तर वाकताना सरकतो. आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताईने जुन्या जीनच्या कापडाचे छोटे बटवे शिवले. वर झाकण, त्याला टिचबटण, मागे नाडी ओवायला पट्टी. परकराच्या नाडीत अडकवला की दिवसभर जागचा हलत नाही. घरी आलं की बटवा खुंटीवर, पोरांचा हात पोचणार नाही असा.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. ज्या चाकूने खताची गोणी किंवा औषधाची पुडी फोडली, त्याने पेरू कापायचा नाही, भाकरीसोबतचा कांदा चिरायचा नाही. नुसता पदराला पुसून विष जात नाही, आणि खिळ्याच्या फटीत राहिलेलं तर धुऊनही जात नाही. आम्ही लाल दोऱ्याचा चाकू शेताचा असं ठरवलं. खाण्याचं काहीही त्याच्यापुढे आणायचं नाही. घरात तो घासायच्या भांड्यांतही टाकायचा नाही.

वापरायची पद्धतही शिकावी लागते. कापताना पातं अंगाकडे नाही, अंगापासून लांब चालवा. दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत नकोत. अडण पक्की असली तरी चाकूने स्क्रू फिरवू नका, डब्याची झाकणं उचकटू नका. मिटताना अडण सोडवा, पातं थोडं वळवा, अंगठा बाजूला घ्या, मगच पूर्ण मिटा. अडणीत माती बसली तर ती पुरती लागत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. दुसरीला चाकू द्यायचा तर मिटूनच द्या.

बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा वाईट, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोरात हात सुटतो. धार लावायचा दगड ओला करा. पात्याची पाठ दगडापासून पेन्सिल शिरेल एवढी वर धरा आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा घासा. धार आली का ते कागद कापून बघा, अंगठा फिरवून नाही. गावात येणाऱ्या धारवाल्याकडून लावून घेतली तर जवळ उभ्या राहा. चाकावर पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही.

इतकं करूनही कापलं तर? स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. मशेरी, चुना, माती काही भरू नका. जखम खोल असेल, बोट वळत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत शीर किंवा नस तुटलेली असू शकते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

आमच्या बैठकीत दोघींनी विचारलं, चाकू ठेवला तर कायद्याने गुन्हा नाही ना? शस्त्र कायदा 1959 चा आहे. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत धरली आहेत. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला चाकू त्या मापाच्या पुष्कळ खाली आहे. पण सण, निवडणूक, मोर्चा अशा वेळी पोलीस मनाई आदेश काढतात, त्यात चाकूही येतो. म्हणून तालुक्याला, कोर्टात, मतदानाला, मेळाव्याला जाताना बटवा घरी ठेवा. विमानात जवळच्या सामानात तर तो चालतच नाही.

एक तरुण ताई हळूच म्हणाली, पहाटे एकटीने बागेत जाताना जवळ असला तर धीर येतो. तिचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. पण खरं तेच सांगितलं. चाकू हे अवजार आहे. झटापटीत तो हिसकावला जातो आणि आपल्यावरच उलटतो. धीर हवा तर पहाटे दोघी-तिघी मिळून निघा, फोनमध्ये 112 आणि महिलांसाठीचा 181 हे नंबर ठेवा, आणि वाटेत कोणी त्रास देत असेल तर बैठकीत बोला. त्या ताईसोबत आता वाटेवरच्या आणखी दोघी निघतात.

गावात थोडी चेष्टा झाली. बायकांना चाकू कशाला, असं पारावर कोणी म्हणालंच. पुढच्या आठवड्यात त्याच मंडळींनी गोणी फोडायला आमच्याकडे चाकू मागितला. आम्ही दिला. मिटून दिला आणि मिटूनच परत घेतला.

ज्या ताईचं बोट गेलं, ती यंदा पुन्हा बागेत आहे. तर्जनी सरळच राहते, म्हणून ती मधल्या बोटावर जोर घेऊन सुतळी तोडते. हप्ता वेळेवर येतो. नवऱ्याचा जुना चाकू तिने मोडीत घातला.

तर मैत्रिणींनो, एवढंच करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातला घडीचा चाकू घेऊन या, फळीवर पाठ टेकवून बघा, आणि जो मिटेल तो कामातून काढून टाका. नवीन घ्यायचा तर मिळून घ्या, आपापल्या हाताने तपासून घ्या.

नमस्कार.