सातबाऱ्यावर एकाचंच नाव

नोव्हेंबर २०२५मध्ये किंग्स्टनला जमैकाशी ०-० बरोबरी साधून कुरासाओ फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरला. जेमतेम दीड लाख वस्तीचं बेट! इतका छोटा देश आजवर तिथे पोहोचला नव्हता. लगेच जो तो विचारू लागला, हे एकाएकी उगवले कुठून? एकाएकी नाही हो. त्यांच्यामागे एक संघ उभा आहे, आज नसलेला : नेदरलँड्स अँटिलीस.

कॅरिबियन समुद्रातली सहा डच बेटं, एकत्र कुटुंबासारखी. कुरासाओ थोरला, अरुबा, बोनेर, सिंट मार्टेन, साबा, सिंट युस्टेशियस ही भावंडं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हा संघ तुर्कस्तानकडून १-२ असा हरला. त्याच ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्या भारताला १०-१ हरवलं होतं, म्हणजे त्या १-२चं मोल लक्षात येईल. १९६३मध्ये कॉन्ककॅफ, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल महासंघाच्या स्पर्धेत तिसरा क्रमांक, आणि तोही वाटेत मेक्सिकोला २-१ हरवून. मेक्सिकोला! १९६९मध्ये पुन्हा तिसरा. त्याआधीच्या पिढीतला गोलरक्षक एर्गिलिओ हातो, लोकांचा 'काळा बिबट्या'. बाहेरच्या क्लबांनी बोलावलं तरी तो हौशी खेळाडूच राहिला. कुरासाओतल्या विलेमस्टॅडचं स्टेडियम आज त्याच्या नावाने आहे.

पुढे घरात वाटण्या झाल्या. १९८६मध्ये अरुबाने वेगळी चूल मांडली आणि दोन वर्षांनी फिफाचं सदस्यत्वही मिळवलं. १० ऑक्टोबर २०१० रोजी उरलेलं घरही मोडलं. फुटबॉलचा सातबारा फिफाने कुरासाओच्या नावावर केला. सदस्यत्व त्याचं, जुने निकालही त्याच्याच खात्यावर. थोरल्याने काही लुबाडलं असं मी म्हणत नाही. पण विहीर सगळ्यांची होती. बोनेर आणि सिंट मार्टेन कॉन्ककॅफमध्ये खेळतात, फिफाचं सदस्यत्व मात्र त्यांना अजून नाही. म्हणजे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांच्या पोरांना आपल्या बेटाच्या नावाने उतरताच येत नाही. त्यांच्या वाट्याला काय आलं, हे कोणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपणही विचारलं नाही. २०१९मध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये याच कुरासाओने भारताला ३-१ हरवलं आणि स्पर्धाही जिंकली. तेव्हा आपण निकाल वाचला आणि पान उलटलं. हे बरं नाही. प्रतिस्पर्ध्याचं घराणं ठाऊक असावं. १९२४मध्ये कुरासाओचा पहिला सामना झाला तो अरुबाशीच.

पुन्हा एकदा सांगतो, कारण निसटतं ते हेच : मेक्सिकोला हरवलं ते नेदरलँड्स अँटिलीसने. विश्वचषकाचं मराठीत समालोचन करणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, कुरासाओची गोष्ट २०१०नंतर सुरू करू नका. आणि ती सांगताना बोनेरचं नाव एकदा तरी घ्या.