जोत्याचा फोटो अपलोड झाला का?

बांधकामातली आयटी म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? ड्रोन, थ्रीडी मॉडेल, समृद्धी महामार्ग. आज ते सगळं बाजूला ठेवू. आज जाऊ सोयगावला, अजिंठ्याच्या डोंगराखाली. फर्दापूर, बनोटी, सावळदबारा या पट्ट्यात साध्या माणसाच्या बांधकामाची सॉफ्टवेअरशी गाठ पडते ती घरकुलात.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण, 20 नोव्हेंबर 2016 ला सुरू झाली. घर किमान 25 चौरस मीटरचं, सपाट भागात मदत 1 लाख 20 हजार, तीही हप्त्याहप्त्याने, थेट खात्यात. या सगळ्याचा हिशोब ठेवतं 'आवाससॉफ्ट', आणि साइटवरचा फोटो जातो 'आवासअ‍ॅप'मधून. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे घर म्हणजे एक रेकॉर्ड आणि त्याचं स्टेटस असंच दिसतं: पाया, जोतं, लिंटल, छत, पूर्ण. स्टेटस पुढे सरकलं की पुढचा हप्ता. म्हणून गावात "काम कुठवर आलं?" याच्या आधी विचारतात, "फोटो घेतला का साहेबांनी?"

आता, हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. शेजाऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवणं अवघड झालं, आणि पैशाला मधले हात लागत नाहीत. चांगलंच आहे की! पण हा फोटो सांगतो काय? भिंत कुठे उभी आहे आणि कधी. भिंतीच्या खाली काय आहे, ते तो सांगत नाही.

आणि आपल्याकडे खरा खेळ खालीच असतो. काळी कापसाची माती. पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते, भेगा पडतात. पाया त्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यायला हवा. आता समजा मे महिन्यात चर खणलाय आणि हप्ता अडकलाय. कारण काहीही असेल, फोटोच घेतला गेला नाही किंवा आधार-बँकेत नाव जुळत नाही. तेवढ्यात मृगाचा पाऊस आला तर चराच्या कडा ढासळणार. स्क्रीनवर फक्त 'प्रलंबित' दिसतं, इकडे मजुरीचे दोन दिवस मातीत. मग घाईत कमी खोलीवरच काँक्रीट पडतं. जोत्याचा फोटो मात्र एकदम झकास येतो!

तसंच पाणी मारण्याचं. आपल्याकडे बहुतेक पीपीसी सिमेंट येतं, आणि उन्हाळ्यात त्या स्लॅबला 14 दिवस तरी ओलं ठेवावं. छताचा फोटो तिसऱ्या दिवशीही निघतो, पण ते अ‍ॅपला कुठं कळतंय?

त्यामुळे, ज्याच्या घरी काम चालू आहे त्याने सरकारी फोटोवर थांबू नका. तुमच्याही हातात फोन आहेच ना? चरात टेप सोडून खोलीचा फोटो काढा, आकडा वाचता आला पाहिजे. काँक्रीट टाकायच्या आधी सळईचा फोटो. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, त्याचा एक. मिस्त्रीला सांगून काढा, चोरून नको, नाहीतर त्याला वाटेल आपल्यावर पाळत ठेवलीय. चांगला मिस्त्री उलट खूश होतो, त्याला पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला मिळतं. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून छोटा होतो आणि टेपवरचे आकडे पुसट होतात.

हप्त्याचं विचाराल तर योजनेच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक टाकून स्वतः बघता येतं. पंचायत समितीत जाण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. "बघतो" असं उत्तर आलं, तर कुठल्या टप्प्यावर अडलंय ते बोट ठेवून विचारता येईल. आणि घरातल्या म्हाताऱ्यांसाठी हे काम तुम्हीच करा, कारण तो नोंदणी क्रमांक बहुतेक कपाटातल्या पिशवीत असतो.